रिपोर्टात ‘एम बँड’ आलाय: एमगस कुणाला होतो आणि कुणाचा बळावतो?

हेल्थ चेकअपमध्ये टोटल प्रोटीन 8.6 येतं, ग्लोब्युलिन वाढलेलं असतं, ए/जी (अल्ब्युमिन/ग्लोब्युलिन) रेशो उलटा असतो. डॉक्टर सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रथिनं वेगळी करून बघणारी चाचणी) करायला सांगतात आणि त्या रिपोर्टात तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते: ‘गॅमा भागात एम बँड, 0.9 ग्रॅम प्रति डेसिलिटर’. घरातलं कुणीतरी रात्री मोबाईलवर शोधतं, ‘मल्टिपल मायलोमा’ हे अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कॅन्सरचं नाव समोर येतं आणि सगळ्यांची झोप उडते.

बहुतेक वेळा पुढच्या तपासण्यांतून निघतो तो मायलोमा नसतो, एमगस असतो. पूर्ण नाव मोनोक्लोनल गॅमोपॅथी ऑफ अनडिटरमाइन्ड सिग्निफिकन्स. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये हे नाव दिलं. त्याआधी याला ‘बिनाइन’, म्हणजे निरुपद्रवी, म्हणत. पण यातल्या काहींना वर्षांनी मायलोमा झालेला काइल यांनी पाहिला होता, म्हणून ‘निरुपद्रवी’ काढून त्यांनी ‘महत्त्व अजून ठरलेलं नाही’ असं लांबलचक, पण प्रामाणिक नाव ठेवलं.

इथे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. एमगस मुळात कुणाला होतो? आणि झालेला एमगस कुणाचा पुढे सरकतो? इंटरनेटवरच्या ‘रिस्क फॅक्टर’च्या याद्या या दोहोंची खिचडी करतात. मग ज्याचा रिपोर्ट अगदी सौम्य आहे तो ‘माझं वजन जास्त आहे, मी शेतात फवारणी केली होती’ म्हणून घाबरतो, आणि ज्याच्या रिपोर्टात खरोखर लक्ष देण्यासारखं काही आहे तो ‘घरात कुणाला कॅन्सर नाही’ म्हणून निर्धास्त राहतो.

नेमकं काय बिघडतं

अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशी अँटिबॉडी बनवतात. हजारो प्रकारच्या पेशी, हजारो प्रकारच्या अँटिबॉडी. इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखावर त्यांचा गॅमा भागात एक पसरट उंचवटा दिसतो. एखाद्या प्लाझ्मा पेशीच्या गुणसूत्रांत बदल होऊन तिचीच पिलावळ वाढली, की ती सगळी पिलावळ एकच अँटिबॉडी बनवते. मग त्या पसरट टेकाडातून लिंगाण्यासारखा अरुंद सुळका वर येतो. हाच एम बँड किंवा एम स्पाइक.

एमगस म्हणायला तीन गोष्टी लागतात: एम प्रोटीन 3 ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी, अस्थिमज्जेत त्या पिलावळीच्या प्लाझ्मा पेशी 10 टक्क्यांपेक्षा कमी, आणि त्यामुळे शरीराचं काहीही नुकसान झालेलं नसणं. नुकसान म्हणजे रक्तातलं कॅल्शियम 11 च्या वर जाणं, क्रिअ‍ॅटिनिन 2 च्या वर जाणं, हिमोग्लोबिन 10 च्या खाली जाणं किंवा हाडांत पोखरल्यासारख्या जागा दिसणं. एम प्रोटीन 3 किंवा जास्त, अथवा पेशी 10 ते 59 टक्के, पण नुकसान नाही, तर तो स्मोल्डरिंग मायलोमा. हा मधला टप्पा, आणि त्याची देखरेख बरीच कडक असते.

मायलोमा जवळपास नेहमी एमगसमधूनच जातो. अमेरिकेतल्या एका मोठ्या कॅन्सर तपासणी प्रकल्पात 77,469 लोकांचं रक्त साठवलेलं होतं. त्यांच्यापैकी 71 जणांना पुढे मायलोमा झाला. त्यांचे जुने नमुने तपासले तेव्हा निदानाच्या दोन वर्षं आधीच्या प्रत्येक नमुन्यात एमगस सापडला. आठ किंवा जास्त वर्षं आधीच्या नमुन्यांतही 82 टक्क्यांत होता. हा अभ्यास 2009 मध्ये आला. याचं उलट मात्र खरं नाही. एमगस असलेल्या बहुतेकांना मायलोमा होत नाही. ते एमगस घेऊनच म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात.

एमगस होतो कुणाला

वय हे सर्वात मोठं कारण. मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत पन्नाशीपुढच्या 21,463 रहिवाशांचं रक्त तपासलं गेलं आणि निष्कर्ष 2006 मध्ये छापून आले. पन्नाशीनंतर 3.2 टक्के, सत्तरीनंतर 5.3 टक्के, पंच्याऐंशीनंतर 7.5 टक्के. पुरुषांत 4 टक्के, बायकांत 2.7. म्हणजे सत्तरीपुढच्या साधारण वीस जणांत एकाला हा असतो आणि बहुतेकांना पत्ताही नसतो, कारण लक्षण काहीच नसतं.

दुसरं वंश. आफ्रिकन वंशाच्या लोकांत प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट किंवा जास्त आहे. हे अमेरिकेतल्या परिस्थितीमुळे असेल असं वाटू शकतं, पण घानामध्ये 50 ते 74 वयाच्या पुरुषांत केलेल्या पाहणीतही जवळपास दुप्पट, 5.8 टक्के, इतकंच आलं. जपानी लोकांत प्रमाण गोऱ्यांपेक्षा कमी. भारतात मायलोमाचं निदान पाश्चात्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात होतं, त्यामुळे ‘साठीनंतर बघू’ हा हिशेब आपल्याकडे तसाच्या तसा लावू नये.

तिसरं घराणं. आई-वडील, सख्खी भावंडं किंवा मुलं यांपैकी कुणाला एमगस वा मायलोमा असेल तर शक्यता दुप्पट ते तिप्पट होते. ऐकायला हे भयंकर वाटतं. पण 3 टक्क्यांची दुप्पट-तिप्पट म्हणजे 6 ते 9 टक्के. नव्वदहून अधिक टक्के नातेवाईक मोकळेच राहतात. ‘इतके पट’ असं वाचलं की मूळ आकडा काय होता, हे आधी विचारावं.

आता संपर्कातल्या गोष्टी. इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्या वाचकांत शेतकरी आणि फवारणी करणारे मजूर बरेच आहेत.

व्हिएतनाम युद्धात एजंट ऑरेंज हे तणनाशक फवारणाऱ्या ऑपरेशन रँच हँडमधल्या 479 सैनिकांची तुलना तितक्याच इतर सैनिकांशी केली गेली. एमगसचं प्रमाण पहिल्या गटात 7.1 टक्के, दुसऱ्यात 3.1. हा 2015 चा अभ्यास. त्याआधी 2009 मध्ये आयोवा आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या कीटकनाशकं फवारणाऱ्या 678 पुरुषांची तपासणी झाली होती. त्यांच्यात मिनेसोटातल्या पुरुषांच्या 1.9 पट एमगस होता. सगळ्या औषधांचा संबंध सारखा दिसला नाही. ठळक दिसली तीन: डीलड्रिन हे कीटकनाशक, कार्बन टेट्राक्लोराइड आणि कार्बन डायसल्फाइड यांचं धान्याच्या धुरीसाठीचं मिश्रण, आणि क्लोरोथॅलोनिल हे बुरशीनाशक. डीलड्रिन भारतात बंद आहे.

या आकड्यांतून काय घ्यायचं आणि काय नाही? 678 माणसांत एकेका औषधाचा हिशेब मांडला की एकेका खान्यात मोजकेच लोक उरतात, त्यामुळे ‘या औषधाने इतके पट’ हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. पण फवारणी आणि एमगस यांचा संबंध वेगवेगळ्या गटांत पुन्हा पुन्हा दिसलाय, हे नक्की. बरीचशी औषधं कातडीतून आत जातात. म्हणून नुसता तोंडाला रुमाल बांधून उपयोग नाही. औषध कालवताना नायट्राइलचे हातमोजे हवेत, कारण सर्वात तीव्र द्रावण तेव्हाच हाताळलं जातं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकायचं नाही. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या ढिगाऱ्यात काम केलेल्या 781 गोऱ्या अग्निशमन जवानांतही एमगस ओल्मस्टेडच्या 1.8 पट सापडला, हा 2018 चा निष्कर्ष. नागासाकीत अणुबॉम्बच्या केंद्रापासून दीड किलोमीटरच्या आत असलेल्यांत, आणि त्यातही तेव्हा विशीच्या आत असलेल्यांत, प्रमाण वाढलेलं होतं. तिथला किरणोत्सर्ग आणि आपला छातीचा एक्स-रे यांची तुलना होऊ शकत नाही; एक्स-रे काढल्याने एमगस होतो असं कुणी सांगितलं तर सोडून द्यावं.

लठ्ठपणाबद्दल पुरावा मिश्र आहे. एमगस होण्याशी संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत नाही. पण एमगस असलेल्या जाड माणसांत तो मायलोमाकडे सरकण्याचं प्रमाण जास्त असल्याचं अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या मोठ्या अभ्यासात 2017 मध्ये दिसलं. या सगळ्या यादीत आपल्या हातात असलेल्या गोष्टी जेमतेम दोन: फवारणीतली काळजी आणि वजन.

बळावतो कुणाचा

सरासरी आकडा आहे वर्षाला 100 पैकी 1. मेयो क्लिनिकने 1,384 लोकांचा पाठपुरावा केला, मध्यक काळ 34 वर्षं. 2018 मधल्या त्या निष्कर्षांनुसार मायलोमा किंवा त्याच कुळातल्या आजारांकडे सरकण्याची शक्यता 10 वर्षांत 10 टक्के, 20 वर्षांत 18 टक्के, 30 वर्षांत 28 टक्के. प्रत्यक्षात 1,384 पैकी सरकले 147 जण. मधला फरक का? कारण बरेच जण तोवर हृदयविकार वा इतर कशाने गेले होते. आणखी एक: ‘दहा वर्षं काही झालं नाही, आता सुटलो’ असं यात होत नाही. धोका दरवर्षी तसाच चालू राहतो, म्हणून तपासणी सोडायची नसते.

पण सरासरीवर आपलं नशीब मोजू नये. रिपोर्टात तीन गोष्टी बघायच्या:

1. एम प्रोटीन 1.5 ग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आहे का?
2. अँटिबॉडीचा प्रकार आयजीजी सोडून दुसरा, म्हणजे आयजीए किंवा आयजीएम, आहे का?
3. फ्री लाइट चेनचा, म्हणजे रक्तात सुट्या फिरणाऱ्या अँटिबॉडीच्या छोट्या तुकड्यांचा, कॅपा/लॅम्डा (त्यांचे दोन प्रकार) रेशो 0.26 ते 1.65 च्या बाहेर आहे का?

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर 20 वर्षांत सरकण्याची शक्यता 5 टक्के. एक ‘हो’ असेल तर 21, दोन असतील तर 37, तिन्ही असतील तर 58 टक्के. हे 1,148 लोकांवरून 2005 मध्ये मांडलं गेलं, आणि त्या 1,148 मध्ये तिन्ही गोष्टी असलेले फक्त 53 होते. एकही नसलेले 449. दुसऱ्या कारणाने मृत्यू येण्याची शक्यता हिशेबात धरली तर हेच आकडे 2, 10, 18 आणि 27 टक्क्यांवर येतात. सत्तरीतल्या माणसासाठी हे दुसरे आकडे जास्त खरे, पंचेचाळिशीतल्यासाठी पहिले.

दोन रिपोर्ट उदाहरणादाखल घेऊ. 58 वर्षांचे गृहस्थ: एम प्रोटीन 0.8, प्रकार आयजीजी कॅपा, कॅपा 22.4, लॅम्डा 17.1, रेशो 1.31. हिमोग्लोबिन 14, कॅल्शियम 9.4, क्रिअ‍ॅटिनिन 0.9. तीनपैकी एकही गोष्ट नाही. लक्षणं नसतील तर यांना बोन मॅरोची सुईसुद्धा सहसा लागत नाही. दुसऱ्या 61 वर्षांच्या बाई: एम प्रोटीन 1.7, आयजीए लॅम्डा, कॅपा 8.8, लॅम्डा 62.5, रेशो 0.14. त्यांनाही काही त्रास नाही, हिमोग्लोबिनही चांगलं. पण तिन्ही खुणा हजर. यांना बोन मॅरो आणि हाडांसाठी संपूर्ण शरीराचा लो-डोस सीटी लागणारच. दोघांच्या रिपोर्टावर ‘एम बँड आढळला’ ही ओळ मात्र एकसारखीच छापलेली असते.

रिपोर्ट वाचताना कुठे चुकतं

पहिली गडबड पसरट टेकाडाची. ग्लोब्युलिन वाढलं म्हणजे एम बँड आहे असं नाही. टीबी, जुनाट काविळीचे प्रकार, लिव्हर सिऱ्हॉसिस, संधिवात, एचआयव्ही यांत सगळ्याच अँटिबॉडी वाढतात आणि गॅमाचा उंचवटा रुंदच राहतो. त्याला पॉलिक्लोनल म्हणतात. त्याचा एमगसशी संबंध नाही. शंका असेल तर इम्युनोफिक्सेशन ही पुढची तपासणी सुळका खरा की भास, आणि खरा असेल तर कोणत्या प्रकारचा, ते सांगते. उलट बाजूही लक्षात ठेवा: 0.5 चा छोटा एम बँड असूनही टोटल प्रोटीन आणि ए/जी रेशो अगदी नॉर्मल असू शकतात.

दुसरी गडबड आयजीएची. हा प्रकार गॅमा भागात न दिसता बीटा भागात, ट्रान्सफेरिन आणि सी-3 या नेहमीच्या प्रथिनांच्या पोटात लपतो. मग लॅब ‘एम बँड दिसत नाही’ असं लिहिते किंवा भलताच आकडा मोजते. म्हणून आयजीए असेल तर एकूण आयजीएची पातळीही दर वेळी मोजून घेतात.

तिसरी किडनीची. लाइट चेन किडनीतून बाहेर पडतात. किडनी मंदावली की दोन्ही वाढतात, आणि कॅपा जरा जास्तच वाढते. मधुमेहाच्या रुग्णाचा रेशो 2.0 आला, ईजीएफआर (किडनीची गाळण्याची क्षमता) 52 आहे, तर जुन्या मर्यादेप्रमाणे तो ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापून येतो. आइसलँडमध्ये 2016 पासून चाळिशीपुढच्या 75 हजारांवर लोकांची एमगससाठी तपासणी झाली. त्या माहितीवरून ईजीएफआर 45 ते 59 असेल तर 0.46 ते 2.62 आणि 30 ते 44 असेल तर 0.48 ते 3.38 अशा नव्या मर्यादा सुचवल्या गेल्या आहेत. त्या हिशेबाने वरचा 2.0 नॉर्मल ठरतो. मधुमेह आणि किडनीचे रुग्ण आपल्याकडे इतके आहेत की डॉक्टरांशी या मुद्द्यावर बोलणं सर्वात फायद्याचं.

चौथी, लॅब बदलण्याची. फ्री लाइट चेन मोजायचे किट वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, 0.26 ते 1.65 ही मर्यादा फ्रीलाइट या किटची आहे. सवलतीच्या पॅकेजसाठी दर वर्षी लॅब बदलली, तर वाढ खरी की किटची, हे कुणालाच सांगता येणार नाही. एककही तपासा. भारतातल्या लॅब एम प्रोटीन बहुधा ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये देतात, इंग्लंडमधल्या ग्रॅम प्रति लिटरमध्ये. तिकडे राहणाऱ्या मुलाकडे आई-वडिलांची तपासणी झाली आणि 9 आकडा आला, तर तो इथला 0.9 आहे. एकाच वर्षात 0.9 चे 9 झाले म्हणून रडारड नको.

पाचवी चूक सर्वात जास्त होते: सापडलेला प्रत्येक त्रास एमगसच्या माथी मारणं. हिमोग्लोबिन 9.6 आलं आणि एमगस आहे, म्हणजे मायलोमा झाला असं नव्हे. आधी फेरिटिन आणि बी-12 बघा. आपल्याकडे लोहाची आणि बी-12 ची कमतरता एमगसच्या कित्येक पट सर्रास आढळते. क्रिअ‍ॅटिनिन वाढलंय तर आधी मधुमेह, रक्तदाब आणि सांधेदुखीच्या गोळ्यांची चौकशी करा. कंबरदुखी तर सत्तरीत कुणाला नसते! पण रात्री झोपेतून उठवणारी, आठवड्यागणिक वाढणारी पाठदुखी असेल तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट बघू नये.

आकडा छोटा, त्रास मोठा

एम प्रोटीन छोटं असलं तरी ते प्रथिनच अवयवांत जाऊन बसणारं असू शकतं. याला धोक्याच्या वरच्या मोजपट्टीत जागाच नाही, म्हणून वेगळं सांगतोय. एएल अ‍ॅमिलॉयडोसिसमध्ये लाइट चेनचे धागे किडनी, हृदय, नसा यांत साचतात. लघवीला फेस, पायावर सूज, चालताना धाप, जीभ जाड होऊन कडेला दातांचे वण उमटणं, डोळ्यांभोवती आपोआप जांभळे डाग, दोन्ही हातांना कार्पल टनेल (मनगटात नस दबून बोटांना मुंग्या), उठल्यावर चक्कर. यांपैकी काही असेल तर हिमॅटॉलॉजिस्टना (रक्तविकारतज्ज्ञांना) लगेच दाखवा. लघवीची साधी पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन नाही. ती ‘निल’ आली म्हणून निश्चिंत होऊ नये. आयजीएम प्रकारात पायांच्या बोटांपासून वर चढणारी बधिरता आणि चालताना तोल जाणं दिसू शकतं. हा प्रकार पुढे सरकलाच तर सहसा मायलोमाकडे नाही, वाल्डनस्ट्रॉम मॅक्रोग्लोब्युलिनेमिया या दुसऱ्या रक्ताच्या कॅन्सरकडे जातो. एमगसमध्ये हाडं मोडण्याचं आणि पायाच्या शिरेत गुठळी होण्याचं प्रमाणही थोडं जास्त असतं, तेव्हा पन्नाशीपुढे डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) आणि व्हिटॅमिन डीची तपासणी करून घ्यावी.

पुढचं वेळापत्रक

निदानानंतर सहा महिन्यांनी एकदा इलेक्ट्रोफोरेसिस, लाइट चेन, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, क्रिअ‍ॅटिनिन. आकडे स्थिर असतील आणि तीनपैकी एकही खूण नसेल, तर त्यानंतर दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. एक जरी खूण असेल तर दर वर्षी. एम प्रोटीन 0.9 चं 1.0 होणं ही लॅबची नेहमीची घट-वाढ, 1.2 चं 1.8 होणं ही खरी वाढ. औषध काही नाही. एमगसवर केमो देत नाहीत, आणि ‘प्रोटीन कमी करा’ म्हणून डाळ, अंडी बंद करणं निव्वळ अज्ञान आहे. हे प्रोटीन ताटातून आलेलं नसतं.

घरच्यांनी तपासून घ्यावं का? एकाच घरात दोघांना मायलोमा किंवा एमगस असेल, तर पन्नाशीच्या आसपास एकदा इलेक्ट्रोफोरेसिस आणि लाइट चेन करून घेणं रास्त आहे. एकालाच असेल, तर सरसकट सगळ्या भावंडांना लॅबच्या दारात उभं करायची गरज नाही. सरसकट तपासणीने जीव वाचतात की नुसती चिंता वाढते, हेच आइसलँडमध्ये अभ्यासलं जातंय. तपासायचंच ठरवलं तर चाळीस-पन्नास चाचण्यांचं पॅकेज घेऊ नका. इलेक्ट्रोफोरेसिस, इम्युनोफिक्सेशन, फ्री लाइट चेन आणि क्रिअ‍ॅटिनिन, एवढ्या चार चाचण्या नावानिशी कागदावर लिहून न्या, आणि आलेखाची छापील प्रत मागून घ्या.